नेटखालचं हिरवं

२ मार्च, सोमवार

डाळजला जाऊन आले. तात्यांचं दोन नंबरचं तळं बघून जीव गार झाला. वर हिरवं शेडनेट टाकून अठरा दिवस झाले आणि खाली पाणी असं दाट हिरवं की हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. शेजारचं एक नंबर उघडंच आहे, ते त्याच्यापुढं अगदी फिकं. तात्या बांधावर उभं राहून येईल त्याला दाखवत होते, "पणदऱ्याच्या मास्तरांच्या लेकीनं केलंय ह्ये."

ज्या रानात उसाचं टिपरू उगवत नव्हतं, मीठ फुटलेलं चोपण रान, तिथं या माणसानं बोअरच्या खाऱ्या पाण्यावर कोळंबी पाळून दाखवली. लोक हसले तरी हटले नाहीत. आणि कोळंबीच्या पिलांना लागणारं हिरवं पाणी मी केलं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून बाटलीत आणलेलं समुद्राचं शैवाल, डोळ्याला न दिसणारं, आता डाळजच्या तळ्यात. मला जरा फुगायचा हक्क आहे.

निघताना त्यांची सून रोहिणी म्हणाली, "ताई, रंग आलाय खरा, पण दोन नंबरची कोळंबी खाद्य लई मागती." मी म्हटलं, वाढीला लागली असेल.

प्रेझेंटेशन १० एप्रिलला. त्यानंतर थीसिस जमा.

४ मार्च, बुधवार

धुळवड. कॉलेजला सुट्टी, तरी मागच्या अंगणातल्या टाक्या बघून आले. आठ टाक्या, चार उन्हात, चार नेटखाली. नेटखालच्या चारही गर्द हिरव्या. तीन वर्षं प्रत्येक हंगामात हेच. सगळ्या थीसिसचा कणा हाच आहे : अर्धी सावली द्या, शैवाल वाढतं.

परत आले तर नवरोबाने, संजयने, दारातच रंग लावला. डोक्यावर हिरवा. म्हणाला, "तुझ्याच टाकीतला आहे." केस दोनदा धुतले.

६ मार्च, शुक्रवार

रोहिणीचा फोन. दोन नंबरच्या ट्रेमधलं खाद्य तासाभरात साफ होतं, एक नंबरमध्ये उरतं. शिवाय जाळं टाकून दहा-दहा कोळंब्या तोलल्या तर नेटखालच्या हलक्या भरल्या. पहाटे वरही येतात, म्हणजे पाण्यात हवा कमी पडते. "ताई, हिरवं एवढं हाय तर हवा कमी कशी पडंल?"

मला राग आला. बारावी झालेली बाई, ताटली पाण्यात सोडून गढूळपणा बघायला मीच शिकवलं, आणि आता मलाच विचारते. तोलण्यात चूक झाली असेल, परत तोला म्हटलं. ती "बरं" म्हणाली. तिच्या त्या बरंमध्ये काय होतं ते मला कळलं, पण मी कळलं नाही असं केलं.

९ मार्च, सोमवार

माझे गाईड सर म्हणाले, प्रेझेंटेशनला पेशींचे चांगले फोटो हवेत, नुसते आलेख बघून समिती झोपते. आमचा सूक्ष्मदर्शक दिवाळीपासून बंद आहे, म्हणून प्राणिशास्त्रवाल्यांकडून मागून आणला. चार दिवसांसाठी, तीनदा विनवून.

फोटो काढता काढता सहज काचपट्टीवरच्या चौकटींतल्या पेशी मोजल्या. सहजच. उन्हातल्या टाकीतल्या जास्त भरल्या.

पट्टी चुकली असणार. उद्या परत.

१० मार्च, मंगळवार

आठही टाक्या मोजल्या. प्रत्येक तीनदा. मान आखडली, डोळ्यांतून पाणी येतंय. दोन तास बुडवले, मुलांना लायब्ररीत पिटाळलं.

उन्हात जिथं शंभर, तिथं नेटखाली साठसुद्धा नाहीत. चारही जोड्यांत तेच.

हिरवं जास्त आणि शैवाल कमी.

११ मार्च, बुधवार

लिहिते, म्हणजे नीट दिसेल.

मी तीन वर्षं पेशी मोजल्याच नाहीत. पाणी गाळायचं, अ‍ॅसिटोनमध्ये हिरवा रंग उतरवायचा, तो मशीनवर मोजायचा आणि जेवढं हरितद्रव्य तेवढं शैवाल असं धरायचं. सगळे करतात. सरांनी करायला सांगितलं. मोजणीत दिवस जातो, रंग अर्ध्या तासात होतो.

पण पेशीला उजेड कमी पडला की ती स्वतःत हरितद्रव्य भरत जाते, मिळेल तो कण पकडायला. भरपूर ऊन असलं की उलटं, हिरवं कमी करते आणि ऊन सोसायला पिवळी द्रव्यं वाढवते. एकच जीव, उजेड बघून दोन-चार दिवसांत अंग बदलतो. समुद्रात तर लाट त्याला खालीवर नेते, घटकेत अंधार, घटकेत ऊन. तिथं हे जमलं नाही तर जगणंच नाही. म्हणजे नेटखालचं ते गर्द हिरवं पोट भरल्याचं नव्हतं. ती भूक होती. मी तीन वर्षं भूक मोजली आणि वाढ म्हणून लिहिली.

आणि यातलं मला काय नवीन आहे? "प्रकाशाशी जुळवून घेण्याची शैवालांची पद्धत स्पष्ट करा," पाच गुण. दर वर्षी हा प्रश्न मीच काढते. मीच तपासते. आकृती नसेल तर एक गुण कापते.

शरम वाटते. दुसरा शब्द नाही.

हिरवं पाहिलं की आपल्याकडं कुणी पुढं विचारतच नाही. बारामतीपासून इंदापूरपर्यंत मार्च आला की ढोबळी मिरचीवर नेट, काकडीवर नेट, रोपवाटिकेवर नेट. नेटखाली सगळं चांगलं येतं हे लहानपणापासून बघितलेलं. नेटखाली हिरवं झालं, म्हणजे चांगलंच झालं असणार. मुंबईच्या पोरीनं निदान एकदा तरी मोजलं असतं.

१२ मार्च

रोहिणीनं परत तोलल्या होत्या. मेसेज : "आदल्यापेक्षा फरक वाढलाय." बघितला. उत्तर दिलं नाही.

१३ मार्च, शुक्रवार

सरांना सांगितलं. चेंबरमध्ये दार लावून घेतलं. ते वही उलटत राहिले, बराच वेळ.

मग म्हणाले, "मनीषा, हरितद्रव्य वाढलं, हे खोटं आहे का?"

"नाही सर."

"मग तू खोटं काय लिहिलंस? जिथं शैवालाची वाढ लिहिलंय तिथं हरितद्रव्याची वाढ लिही. वाक्यं बदल, आकडे तेच राहू दे."

मी म्हटलं, सर, शेतकरी मेळाव्यात आपण कागद वाटलाय. त्यावर ठळक छापलंय, तळ्याला अर्धी सावली द्या, पाणी हिरवं करा, कोळंबीचं खाद्य वाढवा. खाली तुमचं नाव, माझं नाव.

सर म्हणाले, "मेळाव्याचा कागद कोण जपून ठेवतं?"

तात्यांनी ठेवलाय. मोटारीच्या खोलीत स्टार्टरच्या वर चिकटवलाय.

सर वाईट नाहीत. तासिका तत्त्वावर मी नऊ वर्षं टिकले ती त्यांच्यामुळं. माझी पीएच.डी.ची नोंदणी दोनदा त्यांनीच वाढवून आणली. मेअखेर मुदत संपते, तिसऱ्यांदा मिळत नाही. टाक्यांचे तीन हंगाम परत करायचे म्हटलं तर पदवी विसरायची, आणि पदवी विसरली की जूनमध्ये निघणाऱ्या जागेला अर्ज नाही. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती.

१४ मार्च, शनिवार

तात्यांना सांगायला हवं. आज नाही.

१५ मार्च, रविवार

आजही नाही. पणदऱ्याला गेले. अण्णा अजून सगळ्यांना सांगतात, आमची मनी डॉक्टर होणार, पण सुईवाली नाही. आईनं शेजारच्या काकूंसमोर परत म्हणायला लावलं. जेवण गेलं नाही. ऊन बाधलं म्हटलं.

१६ मार्च, सोमवार

संजयला सांगितलं. तो डेअरीत दुधाची तपासणी करतो. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दूध दाट दिसलं म्हणून आम्ही फॅट लावत नाही गं. मशीनला लावतो."

इतका राग आला की ताटावरून उठले. बरोबर बोलला म्हणूनच आला.

मागून येऊन म्हणाला, "थीसिसचं तुझं तू ठरव. पण म्हाताऱ्याचं तळं थीसिस नाही. त्यांना उद्याच सांग."

१७ मार्च, मंगळवार

सांगितलं. फोनवर. समोर जायचं धाडस झालं नाही.

सकाळपासून वाक्यं घोकत होते. तात्या, माझी चूक झाली. तात्या, ते हिरवं फसवं आहे. नेटखाली शैवाल वाढलं नाही, कमी झालं, म्हणून कोळंबीला खायला कमी आणि पाण्यात हवा कमी. तात्या, नेट नको होतं. एका दमात सगळं बोलून टाकलं. मधल्या सुट्टीत, जिन्याखाली उभं राहून.

पलीकडं पंप चालू होता तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, मोठं काम झालं. संध्याकाळी भजी केली.

१८ मार्च, बुधवार

दुपारी रोहिणीचा फोन. सहज बोलल्यासारखी म्हणाली, "तात्यांनी कालच नेट उतरवलं ताई. तुमचा फोन झाला आन् तसंच उठले, कोयत्यानं दोऱ्या तोडल्या. दोन माणसं लावून पार मोकळं केलं तळं. डोकं लई फिरल्यालं."

किती वाजता, विचारलं.

"काल एकाला. डोक्यावर ऊन हुतं."

महिनाभर सावलीत राहिलेलं शैवाल. प्रत्येक पेशी हिरव्यानं ठासून भरलेली, थोडक्या उजेडासाठी. तिच्यावर मार्चचं सगळं ऊन एकदम. पकडलेला उजेड वापरता येणार नाही, तोच तिला जाळणार. नेट काढायचं तर आठवडाभरात, पट्ट्यापट्ट्यानं, आधी सकाळचं कोवळं ऊन दाखवत, म्हणजे तिला अंग बदलायला वेळ मिळेल. हे मला माहीत होतं. अकरा तारखेला याच वहीत लिहिलंय की दोन-चार दिवस लागतात.

आणि मी तात्यांना फक्त नेट नको होतं एवढंच सांगितलं. माफी पाठ केली होती, काढायचं कसं ते सांगायचं सुचलंच नाही. माझ्या मनावरचा भार उतरवायची घाई झाली होती मला.

रोहिणीला म्हटलं, रंग बघ. ती तळ्यावर गेली, परत फोन. "निवळल्यागत दिसतंय. पिवळट." पाण्यात हवा घालणारे पंखे सगळे चालू ठेव म्हटलं. म्हणाली, लाईटची आज रात्रीची पाळी आहे, दिवसा डिझेलवर दोनच चालतील. आणि अमावस्या आहे, कोळंबी कात टाकते, नाजूक असते. तेही माहीत होतं.

उद्या पहिल्या गाडीनं.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

लोकांच्या दारात गुढ्या आणि मी एसटीत. साडेसातला डाळज फाटा.

तळ्यावर बगळे. लांबूनच दिसले. कोळंबी वर आलेली, कडेला मिशा काढून, श्वासाला. मेलेली तळाशी बसते, ती दिसत नाही, पण कोपऱ्यात वाऱ्यानं ढकललेली पांढुरकी दिसत होतीच. पाण्याला फेस आणि वास. शैवाल मेलं की नुसतं मरत नाही, कुजताना उरलेली हवाही खातं.

तात्या बांधावर बसलेले. डोक्याला टॉवेल. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं.

"या म्याडम."

लहानपणापासून ओळखतात, अण्णांच्या शाळेच्या कमिटीवर होते. पोरी, मने, मास्तरीणबाई, काय काय म्हणायचे. आज पहिल्यांदा म्याडम.

मी म्हटलं, तात्या, नेट परत टाकू. अर्ध्या भागावर, लगेच. उरलेलं शैवाल वाचेल.

"टाका म्हणला, टाकलं. काडा म्हणला, काडलं. आता पुन्ना टाका म्हनता. म्या काय खुळा हाय काय?"

रोहिणी गुडघाभर पाण्यात होती, मेलेली काढत. तिथनंच म्हणाली, "तात्या, कालपासनं भांडायलाच बसलाव आपुन. ताई सांगत्यात ते मी वहीत लिवून घेते. पटलं न्हाय तर मला बोला, पन आता उन्हं वर यायच्या आत नेट घालू द्या."

आणि तिनं ते घातलं. त्यांच्याकडं न बघता. दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं घेऊन ती पलीकडच्या बांधावर गेली. एक नंबरमधलं चांगलं पाणी मोटारीनं दोनमध्ये सोडलं. पंखे, डिझेल, परत डिझेल. दुपारी दोनपर्यंत कोळंबी खाली गेली. जी राहिली ती.

चार टोपल्या मेलेली. बांधाच्या पलीकडं खड्डा काढून पुरली. मी पण फावडं घेतलं. कुणी नको म्हटलं नाही.

निघताना रोहिणीनं वही पुढं केली. मी सांगितलं ते तिनं लिहिलं : पहिले दोन दिवस सकाळी नऊपर्यंतच एक पट्टा उघडा, मग अकरापर्यंत, मग दुसरा पट्टा. रोज ताटली. रंग एकदम उतरला तर थांबा. लिहून झाल्यावर विचारलं, "ह्ये मंगळवारी सांगितलं असतं तर?"

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. वाचली असती, म्हटलं.

२० मार्च

अंग दुखतंय. अण्णांचा फोन, पाडव्याला का नाही आलीस.

२३ मार्च, सोमवार

रोहिणी रोज फोटो पाठवते. तिसऱ्या दिवसापासून पाणी सुधारतंय. आधीसारखं गर्द नाही, पोपटीकडं झुकलेलं. मी बाटलीभर मागवून प्राणिशास्त्रवाल्यांच्या सूक्ष्मदर्शकावर मोजलं. पेशी वाढताहेत, प्रत्येकीत हिरवं कमी. फिकं आणि निरोगी. तीन वर्षांपूर्वी हे पाणी दाखवलं असतं तर मी नाक मुरडलं असतं.

शैवाल गमतीचं आहे. हिरव्यासाठी आपण वेडे होतो, आणि हिरवा उजेडच तेवढा ते फारसा घेत नाही. निळा घेतं, तांबडा घेतं, हिरवा बराचसा परत करतं. त्यानं टाकून दिलेल्यावर मी थीसिस लिहिला.

सरांना डाळजचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. "अरेरे" म्हणाले, मनापासून. मग विचारलं, "वाक्यं बदलून झाली का?"

२६ मार्च, गुरुवार

कळसहून फोन, अनोळखी नंबर. "म्याडम, तुमचा मेळाव्यातला कागद हाय माज्याकडं. ऊन वाढलंय, नेट आनून ठिवलंय. आजच टाकू का सोमवारी? सोमवार बरा म्हनत्यात."

टाकू नका म्हटलं.

"पन कागदावर तर..."

कागद चुकलाय, म्हटलं. तो माणूस अगदी नरमाईनं, "मग खरा कागद कवा निगनार?"

आणखी कुणी टाकलंय का विचारलं. कळसमध्येच दोघांनी, गेल्या महिन्यात. त्यांना सांगा, काढू नका, हात लावू नका, मी सांगेपर्यंत अजिबात काढू नका. दोनदा म्हणवून घेतलं त्याच्याकडून. कोण जपून ठेवतं म्हणे कागद.

२८ मार्च, शनिवार

सर. या वेळी आवाज चढला, माझा.

नवा कागद काढू या सर, कॉलेजच्या नावानं, आधीचा चुकला म्हणून.

"प्रेझेंटेशनच्या आधी? समितीतला एक जण इंदापूरचाच आहे. उद्या तो कागद टेबलावर ठेवून विचारेल, मग हा थीसिस काय आहे? आधी पदवी घे. मग दुरुस्ती काढ, दहा काढ, मी सही करतो."

मी म्हटलं, तोवर मे उजाडेल. तोवर प्रत्येक तळ्यावर नेट असेल, आणि कुणीतरी भर उन्हात ते काढेल.

सर खिडकीकडं बघत म्हणाले, "माझं पण नाव आहे मनीषा त्याच्यावर. पुढच्या वर्षी रिटायर होतोय मी."

एवढ्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. वाईट वाटलं. रागही तसाच राहिला.

२ एप्रिल, गुरुवार

दोन फाइली केल्या.

एक : वाक्यं बदललेली. वाढ गाळली, हरितद्रव्य घातलं. कुणीही वाचावं, एक ओळ खोटी सापडणार नाही. इतकं खरं लिहूनही खोटं बोलता येतं.

दोन : एकाच हंगामाची मोजणी. आठ टाक्या, शिवाय तात्यांची दोन तळी, नेट असताना, नेट एकदम काढल्यावर, परत टाकल्यावर आणि हळूहळू काढताना. रोहिणीच्या वहीतले रोजचे आकडे, तिचं नाव घालून. हे काम चांगलं आहे. पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, हे मला दिसतं. पण एका हंगामाचं. समिती म्हणणार, अजून दोन हंगाम करा. आणि मला ते नाहीत.

६ एप्रिल, सोमवार

तात्या कॉलेजात आले. न कळवता. धोतर, टोपी, हातात पाण्याची बाटली, शिपायाला ढकलून थेट प्रयोगशाळेत. "तुमी ज्ये मोजता ते मला दावा."

सूक्ष्मदर्शक परत मागून आणला. थेंब टाकला. त्यांना एक डोळा मिटायला जमेना, मग टॉवेलनं झाकला.

बराच वेळ बघत होते.

"ह्ये हालत्यात की."

व्हय तात्या.

"येवढ्याल्यावर माजी कोळंबी?"

शेजारी कपाटात नेटखालच्या टाकीतला जुना नमुना होता, तोही लावला. म्हटलं, बघा, ह्या संख्येनं कमी आहेत पण एकेक कशी काळपट हिरवी आहे. उजेड कमी म्हणून तिनं उजेड धरायची सामग्री वाढवलीय.

"म्हंजी ऊन कमी पडतंय म्हनून सोलरच्या प्लेटा वाडवल्या म्हना की. आन् म्या एकदम ऊन सोडलं, तर जळायचंच की समदं." स्वतःशीच बोलल्यासारखं. मग डोळा न काढता, "रोहिणी पयल्या दिसापासनं म्हनत हुती. कोळंबी खायला मागती, कायतरी चुकतंय. म्या म्हनलं, म्याडमला तुज्यापरीस जास्त कळतं."

मी म्हटलं, मी पण तिला तेच सांगितलं होतं.

उठले. टोपी नीट केली. "ऐतवारी कळसला तळीवाले समदे जमनार हायती. धा-बारा जन. तुमी या. आन् ज्ये झालं ते तुमच्या तोंडानं सांगा. म्या सांगितलं तर म्हनतील, म्हाताऱ्याचं तळं बिगडलं म्हनून बोंबलतोय." दारात वळून, "सरांना पन आना."

सर येणार नाहीत, म्हटलं.

"मंग एकल्या या. पन या म्याडम."

९ एप्रिल, गुरुवार

उद्या अकरा वाजता. सरांचा मेसेज : पहिली फाइल आण. प्रिंट दोन्ही काढल्या. संजयने विचारलं नाही. आईनं फोनवर विचारलं, साडी कुठली नेसणार. ती जांभळी म्हटलं.

भीती वाटते. नऊ वर्षं तासिकेवर, आणि आता चाळीशीला आले. उद्या नीट पार पडलं तर कायमची नोकरी दिसते आहे, इतक्या जवळून की हात पुरेल. आणि कुणाचं काय बिघडणार आहे, असंही मन म्हणतं. रविवारी कळसला जाऊन सांगायचंच आहे की. शेतकऱ्यांना खरं, समितीला पहिली फाइल. दोन ठिकाणी दोन. दिवसभर हे मला पटत होतं.

संध्याकाळी भांडी घासताना पटेनासं झालं.

१० एप्रिल, शुक्रवार. दुपारी १.१०

विद्यापीठाच्या केंद्रात, व्हरांड्यात बसून लिहितेय. आत समितीची चर्चा चाललीय, मला बाहेर पाठवलंय.

दुसरी लावली.

सरांनी पहिल्याच स्लाइडला ओळखलं. समोरचा पाण्याचा ग्लास सरळ करत राहिले. मी उभी राहून सांगितलं, माझे आधीचे तीन हंगामांचे निष्कर्ष चुकीचे आहेत, का चुकीचे आहेत, आणि त्यामुळं डाळजच्या एका तळ्यावर काय झालं. इंदापूरच्या सदस्यानं विचारलं, "हे तुमच्या लक्षात आलं नसतं तर कुणाच्याच आलं नसतं, बरोबर?" मी म्हटलं, तळ्यावरच्या बाईंच्या लक्षात आधीच आलं होतं.

मुदत कधी संपते, हे त्यांनी दोनदा विचारलं. मेअखेर, दोनदा सांगितलं. सर त्या वेळीही ग्लासाकडंच बघत होते.

वीस मिनिटं झाली. आतून आवाज येतात, शब्द कळत नाहीत.

रोहिणीचा मेसेज : "ताई रविवारी दहाला कळस. तात्या म्हणतात नेट कसं काढायचं ते कागदावर आणा, समद्यांना झेरॉक्स देऊ. खाली नाव घाला."

पहिल्या फाइलच्या प्रिंट पिशवीत होत्या. त्यातलंच एक पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. आधी पट्ट्यांचं लिहिलं, पहिला दिवस, दुसरा दिवस. मग ते खोडलं. त्याच्या आधी एक ओळ यायला हवी होती. ती लिहिली : मेळाव्यात वाटलेल्या कागदावर मी लिहिलं होतं ते चुकीचं आहे.

खाली नाव. सरांचं घालायचा मला हक्क नाही, म्हणून फक्त माझं, गावासकट. मनीषा, पणदरे. नावाच्या आधी काही नाही.

शिपाई दारातून म्हणतोय, मॅडम, आत बोलावलंय.